वेठ, भाकर आणि श्रमदान : मेदकच्या चर्चच्या निमित्ताने

मेदकच्या चर्चविषयी आपल्या मराठवाड्यात फारसे कोणी बोलत नाही. खरे म्हणजे ते आपल्याला परके नाही. परभणी आणि मेदक हे एकाच निजामी राज्याचे दोन जिल्हे होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर घातलेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सिकंदराबादहून निघतो, मेदक जिल्हा ओलांडून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना असा मनमाडला जातो. या रुळाच्या एका अंगाला जालन्याजवळचे बेथेल आहे, दुसऱ्या अंगाला मेदक आहे आणि मधोमध परभणी आहे. दोन्हीकडची चर्चे उभी राहिली ती अस्पृश्यांच्या वस्तीत आणि अस्पृश्यांसाठी. मेदकची इमारत तर त्यांच्याच खांद्यांवर उभी राहिली. पण माहितीपुस्तिका उघडावी तर तीत मनोऱ्याची उंची असते, रंगीत काचांचे वर्णन असते, पाद्री साहेबाचे चरित्र असते. ज्याने दगड वाहिला तो तिथे 'स्थानिक लोक' या दोन शब्दांत मावतो.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा आहे असे मी मानत नाही. दुसऱ्याच्या देवळासाठी, दुसऱ्याच्या वाड्यासाठी, दुसऱ्याच्या गावकुसासाठी श्रम करणे हा आपल्या हजार वर्षांच्या इतिहासाचा गाभाच आहे. त्यातले कोणते श्रम जबरीचे, कोणते पोटासाठीचे आणि कोणते खरोखर मनापासून दिलेले, याची फोड केल्याशिवाय 'सेवा' हा शब्द वापरता येणार नाही. आणि हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे.

परभणीच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या असलेल्या माणसाला मुकादम विचारतो, "गवंडी का बिगारी?" बिगारी म्हणजे घमेले उचलणारा, माल कालवणारा, हाताखालचा माणूस. हा शब्द फारसीतल्या 'बेगार'वरून आला. बेगार म्हणजे मोबदल्याविना करावे लागणारे काम. माणसाला रोज मिळू लागला, पण नाव वेठीचेच राहिले. भाषा काही गोष्टी विसरत नाही.

या वेठीचा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत ओळखीचा बळी म्हणजे चोखामेळा. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्यासाठी त्याला नेले गेले आणि १३३८ साली ते कूस कोसळून तो इतर मजुरांबरोबर दगडाखाली गाडला गेला. गावकुसाच्या आत ज्याला घर नव्हते त्याला गावकूस बांधायला लावले, ही विसंगती आपल्या भक्तिपर चरित्रकारांना कधी टोचली नाही. त्यांना कौतुक आहे ते पुढच्या कथेचे : नामदेवाने ढिगाऱ्यातून हाडे वेचली आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची म्हणून ओळखली. नामदेव आमचाच. ज्या नरसीला त्याचे गाव मानतात ती १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होती. त्या प्रेमाबद्दल मला आदरच आहे. पण हाडे पंढरपुरात आली ती महाद्वाराच्या बाहेर, पायरीशी. आत जायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. मेलेल्या बिगाऱ्यालाही इमारतीत प्रवेश नाही, एवढाच या कथेचा ऐतिहासिक अर्थ आहे.

त्याहून भीषण साक्ष मुक्ता साळवेची आहे. जोतिरावांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मोठमोठ्या इमारतींच्या पायांत मांगा-महारांना तेल आणि शेंदूर पाजून पुरले जात असे, हे ती त्यात लिहून ठेवते. हा निबंध छापणारे 'ज्ञानोदय' नगरच्या मिशनऱ्यांचे पत्र होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणजे इमारत आणि आपण यांचे नाते पायापासूनचे आहे. आपण पायात होतो. भिंत वाहून नेत होतो. आणि भिंत पुरी झाली की बाहेर होतो.

या पार्श्वभूमीवर बेथेलकडे पाहिले पाहिजे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ स्कॉटिश फ्री चर्चचे पाद्री म्हणून १८६० नंतर जालन्यात काम करू लागले. त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने मातंग. सालारजंगाच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल हे नवे ख्रिस्ती गाव वसले. बायबलातल्या कथेत याकोब दगड उशाशी घेऊन झोपतो, सकाळी तोच दगड उभा करतो आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, म्हणतो. दगड फोडण्या-वाहण्यात पिढ्या घालवलेल्यांच्या गावाला हे नाव मिळाले. शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले, परदेशात हिंडून मदत जमवली, १८९१ साली वारले. त्यांच्याविषयी भरपूर छापलेले आहे. त्यांच्या गावात राहायला आलेल्या मातंगांच्या वाट्याला मात्र मिशनच्या कागदांत संख्या आली आहे.

तरीही बेथेलमध्ये एक गोष्ट नवी होती, असे माझे मत आहे. त्या गावाला मांगवाडा नव्हता. गावच मांगांचे होते. तिथे रचलेल्या भिंतीच्या आत रचणाऱ्याची बायको चूल मांडू शकत होती. जमीन मिशनची, अधिकार पाद्रीबाबांचा, हे सगळे मान्य करूनही, आपल्या भागातल्या अस्पृश्याने स्वतःच्या वस्तीसाठी आणि स्वतःच्या प्रार्थनेसाठी एकत्र येऊन उभे केलेले गाव म्हणून बेथेलची नोंद आपल्या इतिहासात व्हायला हवी. मातंग समाजाच्या इतिहासलेखनातही ती पुरेशी झालेली नाही.

मेदकचे प्रकरण याहून मोठे आणि जास्त गुंतागुंतीचे. चार्ल्स वॉकर पॉस्नेट हा इंग्रज मेथडिस्ट मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे आला. चर्चचे बांधकाम सुमारे दहा वर्षे चालले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. शंभर फूट रुंद, दोनशे फूट लांब, घंटेचा मनोरा पावणेदोनशे फुटांच्या आसपास. आत पाच हजार माणसे बसतील एवढी जागा. तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी जी कथा आहे ती अशी : दुष्काळ पडला होता, माणसे अन्नावाचून मरत होती, पॉस्नेटने फुकट वाटण्याऐवजी काम काढले, आणि कामाच्या बदल्यात भाकर दिली. काम करणारे बहुतेक माला आणि मादिगा, म्हणजे तेलुगू मुलखातले महार-मांग म्हणावेत असे.

पुस्तिका याला कधी 'भुकेल्यांची सेवा' म्हणतात, कधी 'लोकांनी देवाला वाहिलेले श्रम' म्हणतात. दोन्ही शब्दप्रयोग तपासून घेतले पाहिजेत. आपल्या घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी या कलमाचा अर्थ असा लावला की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करावे लागणे हीही वेठच, कारण भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती ही सक्तीच असते. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात हेच तत्त्व लागू झाले. दुष्काळ आहे, आम्ही उपकार करतो आहोत, म्हणून कमी देऊ, हा सरकारचा युक्तिवाद टिकला नाही. या मापाने मोजले तर मेदकचा दगड स्वेच्छेने वाहिलेला ठरत नाही. पॉस्नेटला साठ वर्षांनंतरच्या कायद्याने तोलावे असे मी म्हणत नाही. तो माणूस भला होता आणि त्याने माणसे जगवली. पण जगवणे वेगळे आणि वाहणाऱ्याने वाहणे वेगळे.

माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. त्या दुष्काळात महाराष्ट्रभर सरकारी कामांवर ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. परभणी जिल्ह्यात ज्यांनी ती कामे केली त्यांना मिलोची लाल भाकर आणि सुकडी अजून आठवते. आजी ज्या रस्त्याची खडी फोडत होती तो रस्ता आमच्या वस्तीपर्यंत आला नाही. गावच्या वेशीशी थांबला. आजी कधी म्हणाली नाही की मी देशाची सेवा केली. ती म्हणायची, "पोटासाठी केलं, बाबा." या एका वाक्यात जेवढा प्रामाणिकपणा आहे तेवढा मेदकच्या पुस्तिकांत नाही.

मात्र आजीचा रस्ता आणि मेदकचे चर्च यांत एक फरक आहे आणि तो लहान नाही. मेदकला ज्याने दगड उचलला तो नाताळच्या दिवशी त्याच इमारतीत, विलायतेहून आणलेल्या फरशीवर, बायकामुलांसह बसला. १९२४ साल आहे हे! काळारामाच्या दारात आपली माणसे उभी राहायला आणखी सहा वर्षे होती. जगण्यासाठी केलेल्या श्रमातून उभे राहिलेले घर श्रमणाऱ्याला आत घेते, ही घटना आपल्याकडच्या इतिहासात दुर्मिळ आहे. म्हणूनच मेदकच्या कथेला मी ना वेठ म्हणतो, ना सेवा. त्या दोहोंच्या मधली ती एक पायरी आहे आणि तिला मराठीत अजून नाव नाही.

हे सगळे मला पुस्तकांतून सुचलेले नाही. २०१२ सालच्या दिवाळीच्या सुटीत, मी एम.ए.ला असताना, परभणीच्या काही ख्रिस्ती मातंग मित्रांबरोबर मेदककडच्या एका खेड्यात बारा दिवस राहिलो. तिथे एक लहान चर्च बांधले जात होते आणि आम्ही चौदाजण मदतीला गेलो होतो. मी बौद्ध, चर्चचा माझा संबंध मित्रांपुरता. परभणीहून रेल्वेने कामारेड्डी, पुढे बसने. छातीला 'स्वयंसेवक' अशी फीत. आमच्यातले सर्वांत वडीलधारे म्हणजे रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले एक काका. त्यांना सगळे 'दादा' म्हणत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कामावरच्या दोन बायांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. त्या पालमूरकडच्या, पोटासाठी गाव सोडून आलेल्या. मिस्त्रीचा हिशोब सरळ होता : चौदा माणसे फुकट घमेली उचलत असतील तर रोज कशाला द्यायचा? दादांच्या हे कानावर आले तसे त्यांनी घमेले खाली ठेवले. म्हणाले, "आपण आलो म्हणून त्यांची चूल विझणार असेल तर ही कसली सेवा रे?" मग त्यांनी मिस्त्रीशी दखनीत अर्धा तास वाद घातला. ठरले असे की ज्या कामाला पैसे ठेवलेले आहेत त्याला आम्ही हात लावायचा नाही. आवारातली झुडपे काढणे, खड्डे बुजवणे, जमीन सारखी करणे, हे ज्याच्यासाठी कोणी रोज देणार नव्हते ते आम्ही करायचे. त्या बाया तिसऱ्या दिवशी परत कामावर आल्या. श्रमदानाचे अर्थशास्त्र मी तिथे शिकलो, आणि ते शिकवणारा माणूस चौथी शिकलेला होता.

त्या बाया आणि आम्ही, दोघेही घरापासून दूर एकाच बांधकामावर होतो. त्यांना 'बाहेरगावचे मजूर' म्हणत आणि आम्हाला 'स्वयंसेवक'. परभणी जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला, हैदराबादला इमारतींवर जाणारी, उसाच्या फडावर जाणारी जी माणसे आहेत त्यांनाही कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. ज्याला परत जाऊन पोटाची चिंता नाही त्याच्याच श्रमाला हे नाव मिळते, हे मला फार टोचले. आमच्या महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतो. सात दिवसांच्या शिबिरात झाडू हाती घ्यायला सर्वांत आधी पुढे येतात ती सुखवस्तू घरची मुले. ती झाडतात, फोटो काढतात, हसतात. आपल्या वस्तीतली मुले मागे राहतात आणि माझे सहकारी त्यांना आळशी ठरवतात. ज्याच्या आईच्या हातचा झाडू अजून सुटलेला नाही त्या मुलाला झाडण्यात त्याग दिसत नाही, यात आळस कुठे आला?

मेदककडे परत येतो. त्या खेड्यात आधीच एक चर्च होते. मग दुसरे कशाला, असे मी विचारले तेव्हा एका म्हाताऱ्याने उलट मलाच विचारले, "तुम लोगां कौन?" माझ्या मित्रांनी मातंग म्हणजे काय ते समजावून सांगितले तसा त्याचा चेहरा उजळला : म्हणजे मादिगा, आपलेच! माझ्याविषयी कळल्यावर तो थोडा गप्प झाला. त्याच्या हिशोबात मी माला ठरलो होतो. जुने चर्च मालांचे होते. तिथे मादिगांनी मागे बसायचे, पंचमंडळात कधी यायचे नाही. म्हणून हे नवे. जेवताना मला काही वेगळे बसवले नाही, पण त्या बारा दिवसांत मला सगळ्यांनी 'सार' म्हटले आणि मित्रांना 'तम्मुडू', म्हणजे धाकटा भाऊ. आपल्याकडचा महार-मांग भेद तेलुगू नाव घेऊन क्रूसाखाली बसलेला मी पाहिला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला जात सोडत नाही आणि त्याच्या लढ्याची जबाबदारी ख्रिस्ती समाज उचलत नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप त्यांच्या लेखनाच्या १९८९ साली निघालेल्या पाचव्या खंडात वाचायला मिळतो. आम्ही बौद्धांनी तो वाचून मान डोलवावी आणि आपल्या विहाराच्या समितीत मातंग किती, चर्मकार किती हे मोजू नये, असे चालणार नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला. पायाच्या दगडावर लाकडी क्रूस उभा केला होता. आमच्यातला एकजण, बारा दिवस सर्वांत जास्त राबलेला, बाजूला झाला. म्हणाला, "माझं व्हॅलिडिटीचं प्रकरण चालू आहे." कोणी पुढे काही विचारले नाही. सगळ्यांना समजले होते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदू धर्मापुरती बांधली गेली. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी ती गाठ सुटली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. तोपर्यंत मराठवाड्यातल्या कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू मांग' आणि रविवारी चर्च, असे दुहेरी आयुष्य चालत आले. ज्यांच्या पणज्यांनी चर्चसाठी दगड वाहिले त्यांनी क्रूसासमोर फोटो काढायला घाबरावे! पायात पुरण्याची रीत गेली. आता माणूस कागदात पुरला जातो. १९९० पर्यंत आपणही याच रांगेत उभे होतो. ज्या दारातून आपण आत आलो ते त्यांच्यासाठी उघडायला आपला आवाज किती लागला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आपल्या श्रमदानाचा इतिहास कुठून सुरू होतो? मी देहूरोडचे नाव घेईन. तिथल्या आपल्या कामगारवस्तीने चोखामेळ्याचे देऊळ म्हणून बांधायला घेतलेल्या इमारतीत बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली. तारखांच्या योगायोगावर माझा विश्वास नाही, पण मेदकची घंटा त्याच तारखेला तीस वर्षांपूर्वी वाजली होती आणि महाडला मनुस्मृती जळाली तीही याच तारखेला, १९२७ साली. कुसाखाली मेलेल्या चोखोबासाठी त्याच्या माणसांनी स्वतःच्या मर्जीने भिंत उभी केली, कोणी वेठीला धरले नाही, कोणी भाकरीचे आमिष दाखवले नाही. आणि ती उभी राहता राहता त्यांनी देवच बदलला. ज्याचे श्रम त्याचे स्वतःचे झाले आहेत तोच हे करू शकतो.

पुढे हीच रीत खेड्यापाड्यांत आली. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १९७८ ते २००१ अशी तेवीस वर्षे चालला. त्यामागे लहान लहान देणग्यांची किती मोठी रांग आहे! परभणीकडच्या खेड्यांतले विहार तर असेच उभे राहिले : ऊसतोडीहून परतलेल्यांनी पाया खोदायचा, पुण्याला बिगारी म्हणून राबणाऱ्यांनी सुटीत येऊन गवंडीकाम करायचे, बायांनी हापशावरून पाणी आणून भिंती भिजवायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती बांधणारी ही माणसे चार दिवस स्वतःची बांधत होती. त्यांच्या श्रमाला कोणते नाव द्यायचे याविषयी माझ्या मनात शंका नाही.

गेल्या दोन वर्षांत मी आणि माझे विद्यार्थी आसपासच्या विहारांची टिपणे करत फिरतो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दारालगत संगमरवरी पाटी असते. तिच्यावर आमदार निधीचा आकडा असतो, मग पाच हजार एक, एक हजार एक, पाचशे एक, असे देणगीदार उतरत्या क्रमाने. एका गावी पाटीखाली एक म्हातारी बसली होती. पाया भरला तेव्हापासून छत पडेपर्यंत पाणी तिने वाहिले, असे लोकच सांगत होते. माझ्या विद्यार्थिनीने वहीत नाव घालण्यासाठी विचारले, तेव्हा म्हातारीने आधी तिला विचारले, "पावती फाडायची हाय का?"